थेट गाड्या वाढल्या, मग मधल्या गावांची बस का गेली?

प्रश्न असा आहे: मोठ्या शहरांना जोडणाऱ्या महामार्गांवर बस कंपन्यांची चढाओढ वाढली, भाडी उतरली, गाड्याही सुधारल्या, मग त्याच रस्त्याच्या आसपासच्या लहान गावांची बस का बंद पडत गेली, आणि ती परत आणायची असेल तर नेमके काय करावे लागते?

आंतरशहर मार्गांची आखणी आणि वेळापत्रके हेच अनेक वर्षे माझे काम असल्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक उत्तर आधीच तयार असते. कुणाला वाटते की कंपन्यांनी गावे वाऱ्यावर सोडली, तर कुणाला वाटते की गावात प्रवासीच उरले नाहीत. दोन्हींत तथ्य आहे. तरीही मुळातला प्रकार वेगळा आहे. गावाची बस फार पूर्वीपासून स्वतःच्या उत्पन्नावर चालतच नव्हती. मोठ्या शहरांमधल्या भरलेल्या फेऱ्यांतून जे शिल्लक राहत असे, त्यावर ती चालत होती. चढाओढीने ती शिल्लक संपवली. त्यामुळे गावाची बस आता कुणीतरी उघडपणे, करार करून विकत घेतली तरच टिकते. पण विकत घ्यायची ती नुसती फेरी नव्हे, मुख्य गाडीशी होणारी जोडणी, हे माझे ठाम मत आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच दिशेने जाते.

आधी गाडी गावात का शिरत नाही ते पाहू. समजा, दोन मोठ्या शहरांमधले अंतर विनाथांबा गाडी ४ तास १० मिनिटांत कापते. मध्यावर, महामार्गापासून १२ किलोमीटर आत, एक लहान गाव आहे. गाडी आत नेऊन, प्रवासी घेऊन पुन्हा महामार्गाला लावायला ४० मिनिटे जातात. गाडीत ३५ प्रवासी असतील तर त्यांचा मिळून २३ तासांहून अधिक वेळ खर्ची पडतो, आणि त्या बदल्यात गावातून चढतात तीन-चार जण. इतके गणित कुणीही मांडतो. खरा घाव मात्र चालकाच्या तासांवर बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार चालकाने एकूण साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असते, आणि एका दिवसात एरवी ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. १० तासांची मुभा आठवड्यातून दोनदाच मिळते. विनाथांबा गाडीचे जाणे-येणे ८ तास २० मिनिटांत बसते, म्हणजे एक चालक आणि एक गाडी त्याच दिवशी मूळ ठिकाणी परततात. गावात शिरणाऱ्या गाडीला एका बाजूलाच ४ तास ५० मिनिटे लागतात, त्यामुळे वाटेत विश्रांतीसाठी थांबणे भाग पडते. दोन्ही बाजू मिळून ९ तास ४० मिनिटे होतात आणि रोजची मर्यादा ओलांडली जाते. आता दुसरा चालक नेमा किंवा चालकाला मुक्कामी ठेवा. तीन-चार तिकिटांसाठी पूर्ण फेरीचे अर्थशास्त्र बदलते ते असे. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असले तरी तासांच्या मर्यादेचा हा उंबरठा कुठे ना कुठे असतोच, आणि वेळापत्रक आखणारा माणूस सर्वांत आधी तोच बघतो.

याला जोडूनच दुसरी एक अडचण येते. तिकिटे आगाऊ आणि ऑनलाइन विकली जाऊ लागल्यापासून आसन टप्प्याटप्प्याने विकणे तांत्रिकदृष्ट्या सोपे झाले, पण व्यवहारात मधल्या टप्प्याचा प्रवासी कंपनीला नकोसा झाला. गावातून शेवटच्या शहरापर्यंत एक आसन आधी विकले गेले, तर तेच आसन पूर्ण अंतराच्या प्रवाशाला देता येत नाही. म्हणून गर्दीच्या दिवशी कंपन्या मधल्या टप्प्यांची विक्री उशिरा उघडतात किंवा बंदच ठेवतात. परिणामी गाडी गावाच्या फाट्यावर थांबते असे कागदावर दिसते, पण सुटीच्या आदल्या संध्याकाळी गावच्या विद्यार्थ्याला तिकीट मिळत नाही. थांबा असणे आणि त्या थांब्यावरून प्रवास करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही शिल्लक कशी संपली, याचा इतिहास अनेक देशांत नोंदलेला आहे. ब्रिटनमध्ये १९८० च्या वाहतूक कायद्याने लांब पल्ल्याच्या बससेवेवरची परवान्यांची बंधने त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून उठली. खाजगी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ब्रिटिश कोचवेज’ नावाने भाडी पाडून सरकारी ‘नॅशनल एक्स्प्रेस’ला आव्हान दिले. नॅशनल एक्स्प्रेसनेही भाडी पाडली, गाड्या सुधारल्या, वेग वाढवला, आणि दोन-तीन वर्षांत प्रतिस्पर्धी गट मोडला. लंडनच्या व्हिक्टोरिया बस स्थानकात त्या गटाला जागा मिळाली नव्हती, हे त्याच्या अपयशाचे एक मोठे कारण होते. मुख्य मार्गांवरच्या प्रवाशाला या लढतीचा निर्विवाद फायदा झाला. मात्र वेग वाढवायचा म्हणजे गाडी जुन्या रस्त्यावरून काढून द्रुतगती मार्गावर घालायची, आणि जुन्या रस्त्यावरची गावे त्यात आपोआप सुटत गेली. कुणीही बैठक घेऊन ती गावे वगळली नव्हती.

अमेरिकेत १९८२ च्या बस नियमन सुधारणा कायद्याने नव्या कंपनीला मार्गावर उतरणे सोपे केले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या कंपनीला मार्ग सोडणेही सोपे केले. राज्याने सेवा बंद करायला परवानगी नाकारली तर कंपनीला केंद्रीय आयोगाकडे दाद मागता येऊ लागली. पुढच्या दशकभरात आंतरशहर बस थांबत असलेल्या ठिकाणांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: ही घसरण कायद्याच्या आधीच सुरू झाली होती, कारण घरोघरी मोटारी आल्या होत्या. कायद्याने तिला वेग दिला. पुढे १९८७ मध्ये ग्रेहाउंड या बस कंपनीने ट्रेलवेज ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, म्हणजे ज्या चढाओढीच्या आशेने नियम सैल केले ती देशव्यापी पातळीवर पाच वर्षांतच जवळजवळ मिटली.

जर्मनीतही हाच क्रम दिसतो. रेल्वेच्या संरक्षणासाठी १९३० च्या दशकापासून असलेली बंधने १ जानेवारी २०१३ रोजी उठली आणि अनेक कंपन्या एकदम रस्त्यावर आल्या. चार वर्षांच्या आतच विलीनीकरणे आणि खरेदी होऊन फ्लिक्सबसकडे बाजाराचा ९० टक्क्यांहून मोठा वाटा गेला. लहान गावांच्या दृष्टीने त्या कायद्यातली एक तरतूद अधिक महत्त्वाची आहे: जिथे दोन थांब्यांमधले अंतर ५० किलोमीटरपेक्षा जास्त नाही, किंवा प्रादेशिक रेल्वे तेच अंतर तासाभरात कापते, तिथे लांब पल्ल्याच्या बसला त्या दोन थांब्यांमधला प्रवासी सहसा घेता येत नाही. अनुदानावर चालणारी रेल्वे वाचवण्याचा त्यामागचा हेतू मला समजतो. पण गावातून जवळच्या मोठ्या शहरात दवाखान्यासाठी किंवा कचेरीच्या कामासाठी जाणारा प्रवासी नेमका याच टप्प्यातला असतो, आणि जिथे रेल्वे नाही तिथेही ५० किलोमीटरच्या आत त्याला सामान्यतः तीच अट आड येते. फ्रान्सने २०१५ मध्ये बाजार उघडताना जरा वेगळी वाट धरली. १०० किलोमीटरपर्यंतच्या टप्प्यांची नियामकाकडे आधी नोंद करावी लागते, आणि अनुदानित सेवेच्या आर्थिक घडीला मोठा धक्का बसतो असे दिसले तरच स्थानिक प्राधिकरण तिथे निर्बंध घालू शकते. सरसकट बंदीपेक्षा हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

मग जुनी मक्तेदारी परत आणावी का, असे विचारले जाते. कॅनडाचा अनुभव पाहता मी नाही म्हणेन. तिथल्या अनेक प्रांतांत चढाओढ रोखून धरली होती: भरघोस मार्गांचा परवाना एका कंपनीला, आणि त्या बदल्यात विरळ मार्ग चालवण्याचे बंधन. मोटारी आणि स्वस्त विमानांनी भरघोस मार्गांचेच प्रवासी नेले तेव्हा आतल्या आत होणारी ही भरपाई कोलमडली. सस्कॅचेवान प्रांताची १९४६ मध्ये सुरू झालेली सरकारी बस कंपनी ३१ मे २०१७ रोजी बंद झाली. त्यानंतर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रेहाउंडने पश्चिम कॅनडातली जवळजवळ सर्व सेवा थांबवली आणि मे २०२१ मध्ये उरलेलीही. प्रवाशांबरोबर पार्सलेही गेली, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. अनेक लहान थांब्यांवर तिकिटांपेक्षा पार्सलांचे उत्पन्न मोलाचे असते, आणि यंत्राचा सुटा भाग किंवा औषधाचे खोके त्याच दिवशी गावात पोहोचण्याचा तो एकच मार्ग असतो.

बस नसण्याचा अर्थ किती गंभीर असू शकतो हे कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या १६ क्रमांकाच्या महामार्गाने दाखवले. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट या सुमारे ७२० किलोमीटरच्या पट्ट्यात गाडीअभावी अनोळखी वाहनांना हात दाखवून प्रवास करणे अनेकांना, विशेषतः मूलनिवासी समाजातल्या स्त्रियांना, भाग पडत असे. त्या रस्त्यावर अनेक स्त्रिया बेपत्ता झाल्या किंवा मारल्या गेल्या. प्रांताच्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये तिथे सार्वजनिक वाहतूक उभी करण्याची शिफारस केली, आणि गावांना जोडणाऱ्या नव्या बसफेऱ्या २०१७ मध्ये सुरू झाल्या. भारमान (गाडीतली किती टक्के आसने भरली) आणि प्रति किलोमीटर उत्पन्न यांच्या रकान्यांत ही गरज कुठेच उमटत नाही, म्हणून ती तितक्याच गांभीर्याने वेगळी मांडावी लागते.

भारमानाचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण बंद झालेल्या बहुतेक फेऱ्यांच्या कागदपत्रांत ‘मागणी नाही’ असा शेरा असतो. लांब मार्गाचे वेळापत्रक दोन्ही टोकांच्या शहरांत सोयीच्या वेळी निघावे आणि पोहोचावे अशा बेताने ठरते. मधले गाव मग रात्रीच्या अडीच वाजता येते. त्या वेळी कोणी चढत नाही, आणि त्या रिकाम्या थांब्यावरून गावाला बस नको असा निष्कर्ष काढला जातो. अशी आकडेवारी माझ्यासमोर आली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: सकाळी निघून, शहरात किमान तीन-चार तास काम करून, त्याच दिवशी संध्याकाळी घरी परतता येते का? उत्तर नकारार्थी असेल तर आपण मोजलेला आकडा मागणीचा नाही. गैरसोयीच्या वेळापत्रकाला लोकांनी दिलेल्या प्रतिसादाचा आहे. खरी मागणी मोजायची तर बसमधली माणसे मोजून चालत नाही. दवाखान्याच्या भेटीच्या वेळा, महाविद्यालयांची तासिका, कचेऱ्यांचे वार आणि वसतिगृहातून आठवड्याच्या शेवटी घरी येणाऱ्या मुलांची संख्या या गोष्टी पाहाव्या लागतात.

आता उपायाकडे येतो. वर सांगितलेल्या १२ किलोमीटरच्या गावासाठी थेट गाडी आत आणण्याचा हट्ट सोडावा, हे मी गावकऱ्यांना स्पष्टपणे सांगतो, आणि ते ऐकायला कुणालाच आवडत नाही. आपल्या चौकात लांबची गाडी उभी राहणे यात गावाचा मान असतो, हे मी जाणतो. पण फाट्यावर थांबायला मुख्य गाडीला चार-पाच मिनिटे पुरतात आणि चालकाचे तास मोडत नाहीत. एवढी सवलत कंपनी देऊ शकते. गाव ते फाटा हा तुकडा लहान गाडीने, सार्वजनिक पैशातून चालवायचा. फाटा मात्र नुसता फाटा राहून चालणार नाही. तिथे छप्पर, दिवा, बसायची जागा, स्वच्छतागृह आणि गाडी कुठवर आली हे सांगणारी काही सोय हवी. अंधारात, पावसात, भरधाव वाहनांच्या कडेला म्हाताऱ्या माणसाला उतरवून देणे याला जोडणी म्हणता येत नाही.

जोडणी कशी असावी याचा उत्तम नमुना स्वित्झर्लंडने घालून दिला आहे. १९८२ पासून तिथल्या रेल्वेगाड्या ठरावीक अंतराने, तासाच्या त्याच मिनिटाला धावतात. प्रमुख स्थानकांवर रेल्वेगाड्या आणि बस तासाच्या ठोक्याच्या थोडे आधी येऊन पोहोचतात आणि ठोका झाल्यावर लगेच वेगवेगळ्या दिशांना निघतात. किमान १०० रहिवाशांच्या वस्तीपर्यंतची प्रादेशिक सेवा संघराज्य आणि कँटन (तिथली घटक राज्ये) मिळून विकत घेतात. तिथली समृद्धी आणि लहान अंतरे सगळीकडे नाहीत, पण त्यातले तत्त्व पैशावर अवलंबून नाही: आधी भेटीची वेळ ठरवायची आणि मग दोन्ही गाड्यांची वेळापत्रके त्या वेळेपासून मागे-पुढे बांधत जायची. बहुतेक ठिकाणी उलट होते. मुख्य गाडीचे वेळापत्रक एक कंपनी ठरवते, गावगाडीचे दुसरी संस्था ठरवते, आणि दोघींची गाठ दहा मिनिटांनी चुकते. दिवसाला दोनच फेऱ्या असतील तर दहा मिनिटांची चूक म्हणजे पूर्ण दिवस वाया जाणे.

पैशाची व्यवस्था कशी लावावी यासाठी अमेरिकेतली एक तरतूद अभ्यासण्यासारखी आहे. १९९१ च्या कायद्यापासून प्रत्येक राज्याने ग्रामीण वाहतुकीच्या केंद्रीय निधीतला १५ टक्के भाग आंतरशहर बससेवेवर खर्च करावा, असे बंधन आले. गरजा पुरेशा भागत असल्याचे राज्यपालाने प्रमाणित केले तरच त्यातून सूट मिळते. त्यातली खरी खुबी स्थानिक वाट्याच्या, म्हणजे केंद्रीय निधीसोबत स्थानिक पातळीवर घालायच्या रकमेच्या, हिशेबात आहे. अनुदानित गावगाडी ज्या खाजगी थेट गाडीला जाऊन मिळते, त्या गाडीच्या विनाअनुदान फेरीचा खर्च कंपनीच्या संमतीने स्थानिक वाटा म्हणून धरता येतो. त्यामुळे गरीब जिल्ह्यालाही रोख रक्कम न घालता सेवा सुरू करता येते, आणि खाजगी कंपनीला जोडणी टिकवण्यात स्वतःचा फायदा दिसतो. वॉशिंग्टन राज्यात वाला वाला ते पास्को धावणारी ‘ग्रेप लाइन’ आणि ओहायोतली ‘गोबस’ या सेवा याच निधीतून उभ्या राहिल्या. अशा योजनेत चढाओढ आणि अनुदान एकमेकांच्या आड येत नाहीत. मुख्य रस्त्यावर कंपन्यांनी खुशाल लढावे. गावापर्यंतचा तुकडा निविदा काढून, पारदर्शकपणे विकत घ्यावा.

निविदेत मात्र काही गोष्टी हमखास चुकतात. लहान गाडी घेतली की खर्च निम्मा होईल, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात खर्चाचा सर्वांत मोठा भाग चालकाचे वेतन असल्याने बचत अपेक्षेपेक्षा बरीच कमी निघते. राखीव गाडीची तरतूद नसते, त्यामुळे एक बिघाड झाला की जोडणी आठवडाभर बंद राहते आणि हक्काचे प्रवासी कायमचे जातात. करार एक-दोन वर्षांचा असतो; इतक्या कमी मुदतीत ठेकेदार चांगली गाडी घेत नाही आणि लोक आपली सवय बदलत नाहीत. फोन केल्यावर येणाऱ्या गाडीचा पर्याय हल्ली सगळीकडे सुचवला जातो. विखुरलेल्या वस्त्यांसाठी तो उपयुक्त आहे, पण मुख्य गाडी गाठायची असते तेव्हा मला ठरलेल्या वेळेची गाडीच भरवशाची वाटते.

स्थानकाचा मुद्दा नियामकाच्या अखत्यारीतला आहे आणि तो फार दुर्लक्षित आहे. रस्त्याच्या कडेला प्रवासी घेऊन भाडे कमी ठेवणाऱ्या कंपन्यांमुळे जुन्या स्थानकांचा खर्च जड वाटू लागला. अमेरिकेत २०२१ मध्ये फ्लिक्सबसच्या मालक कंपनीने ग्रेहाउंड घेतली तेव्हा स्थानकांच्या बऱ्याच इमारती त्या व्यवहारात नव्हत्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या अनेक इमारती एका गुंतवणूक कंपनीला विकल्या गेल्या, आणि काही शहरांत थांबा पदपथावर आला. थेट प्रवास करणारा माणूस पदपथावरून गाडी पकडू शकतो, पण गाडी बदलणाऱ्याला तास-दीड तास थांबायला छप्पर लागते. म्हणून स्थानक सार्वजनिक मालकीचे असावे, आणि ठरलेले शुल्क भरणाऱ्या प्रत्येक कंपनीला तिथे समान प्रवेश मिळावा. व्हिक्टोरिया स्थानकाच्या अनुभवातून चढाओढीसाठी जो धडा निघतो, तोच लहान गावांच्या जोडणीसाठीही लागू पडतो.

राहिला प्रश्न जबाबदारीचा, आणि माझ्या मते करारातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हाच आहे. प्रवाशाकडे पूर्ण प्रवासाचे एकच तिकीट असावे आणि दोन्ही सेवांच्या वेळा एकाच शोधात दिसाव्यात. मुख्य गाडी उशिरा आली तर गावगाडी किती मिनिटे थांबेल, ते आकड्यात लिहिलेले असावे. थांबण्याचा निर्णय कोण घेणार आणि चालकाला ते कोण कळवणार, हेही ठरलेले असावे. दिवसाच्या शेवटच्या जोडणीसाठी नियम अधिक कडक हवा: गाडी चुकली तर प्रवाशाला टॅक्सीने घरी पोहोचवायचे, आणि तो खर्च ज्याच्यामुळे उशीर झाला त्याने द्यायचा. असे प्रसंग क्वचितच येतात, त्यामुळे वर्षाकाठी हा खर्च किरकोळ राहतो. पण ही हमी थांब्याच्या फलकावर छापलेली असेल, तर रात्री फाट्यावर एकटे अडकण्याच्या भीतीने आजवर बस टाळणारी माणसे तिकीट काढतात, आणि पहिल्या वर्षाच्या भारमानावर त्याचा परिणाम दिसायला सुरुवात होते.